काम गुरुवारी संपतंय, गाडी रविवारची, मधल्या दिवसांचं काय?

"काकू, वेंगुर्ल्याजवळ आमचं काजूचं छोटं युनिट आहे, मी आणि माझी जाऊ मिळून चालवतो. डिसेंबरात मला पहिल्यांदाच एकटीला मुंबईला जायचंय. गोरेगावला पॅकिंग मशीनचं प्रदर्शन आणि मग वाशीच्या मसाला मार्केटात दोन व्यापाऱ्यांना भेटायचं. गुरुवारी दुपारी सगळं उरकेल, पण परतीचं रिझर्वेशन रविवार रात्रीच्या कोकणकन्येचंच मिळालं. डोंबिवलीला चुलत दीर-वहिनी आहेत, बदलापूरला मामेबहीण, दोन्हीकडून 'आमच्याकडेच उतर' असे फोन येऊन गेले. सासूबाई म्हणतात काम झालं की बस पकडून घराक ये. नवरा म्हणतो रहा की. खरं सांगायचं तर मला मुंबई बघायची आहे, लहानपणी मे महिन्यात लालबागला मामाच्या खोलीवर जायचो पण गॅलरीतून रस्ता बघण्यापलीकडे काही बघितलं नाही. पण कामाला म्हणून गेलेली बाई तीन दिवस एकटीच फिरत बसली असं लोक म्हणतील ना? आणि एकटीने हॉटेलात राहायचं तरी कसं? — एक काजूवाली"

काजूवाली बाय,

रहा. सासूबाईंचं ऐकून गुरुवारी रात्री बसमधे बसलीस तर शुक्रवारी सकाळी अंग मोडून घरी पोचशील, दिवसभर झोपशील, वर रिझर्वेशन कॅन्सल केल्याचे पैसे कापतील ते वेगळेच, आणि त्या मुंबई-गोवा हायवेचं काम बहुतेक तुझं लग्न व्हायच्या आधीपासून चालू असेल, त्यावरून रात्रीचा प्रवास हौस म्हणून कोणी करत नाही. लोक म्हणतील त्याचं म्हणशील तर तुमच्याच गावातला एखादा बागायतदार आंब्याच्या पेट्यांचे पैसे आणायला वाशीला जातो आणि चार दिवसांनी उगवतो तेव्हा त्याला कोण विचारतं कुठे होतास म्हणून? "मुंबईत काम होतं" एवढं पुरतं. तुझंही काम आहे, तूही तेवढंच सांग.

आता नातेवाईक. तुझ्या पत्रात खरी अडचण मुंबईची नाहीये, डोंबिवलीची आहे. एकदा का बॅग घेऊन वहिनीच्या दारात उतरलीस की तीन दिवस संपले. शुक्रवारी तुझ्यासाठी म्हणून ती सुरमई आणणार, ती खाऊन सगळे झोपणार, संध्याकाळी शेजारच्या बिल्डिंगमधल्या गाववाल्यांकडे चहा, शनिवारी बदलापूर, तिथे पुन्हा सुरमई, आणि रविवारी डोंबिवलीहून सीएसएमटीला जायला निघालीस की तेवढीच मुंबई खिडकीतून दिसणार. माणसं चांगलीच आहेत गो, प्रेमाने करतात, पण त्यांच्या घरात बसून मुंबई दिसत नाही. आणि आजवर गावाहून जाणाऱ्या प्रत्येकाने हेच केलंय, म्हणूनच आपल्याकडे चाळीस वेळा मुंबईला जाऊन आलेली माणसं असतात ज्यांना फक्त दादर स्टेशन आणि भावाचा हॉल माहीत असतो.

म्हणून त्यांना नाही म्हणू नकोस, त्यांना दिवस आणि वेळ दे. शनिवारी दुपारी दादरला या, नाटक बघू, मग बाहेर जेवू, मी खर्च करते. वहिनीलाही घरच्या रांधपातून एक दिवस सुट्टी, तिला काही ते वाईट वाटणार नाही. मामेबहिणीलाही तिथेच बोलाव, बदलापूरहून लांब पडतं पण शनिवार आहे, येईल. आणि "मग राहायलाच ये ना" असं म्हणाली की सांगायचं, रविवारी मेगाब्लॉक असतो, रात्रीची गाडी चुकायला नको. हे अगदी खरं कारण आहे, रविवारी मध्य आणि हार्बरवर बहुतेक वेळा रुळांच्या दुरुस्तीसाठी दुपारी चार-पाच तास ब्लॉक असतोच आणि डोंबिवलीत राहणाऱ्याला तो समजावून सांगावा लागत नाही. दोघींना पाव पाव किलोची तुझ्या काजूची पाकिटं दे. पण तिथेच दादरला दे, "घरी येऊन देते" म्हणालीस की अडकलीस.

पैशाचं एक स्पष्ट बोलते. युनिट तुझं एकटीचं नाही, जाऊ भागीदार आहे. तेव्हा गुरुवारपर्यंतचं राहणं-खाणं-फिरणं युनिटच्या खर्चात आणि शुक्रवारपासूनचं तुझ्या स्वतःच्या पैशातून. परतीचं तिकीट युनिटचंच, कारण परत तर कसंही यायचंच होतं. हे जायच्या आधीच जाऊला सांगून टाक, बिलं वेगळी ठेव, आणि हेही सांग की पुढच्या खेपेला वाशीला तू जा, मी इथे बघते. घरातल्या घरात धंदा असला की फुकट फिरून आली हा संशय पैशापेक्षा महाग पडतो.

राहायचं कुठे. कामाच्या दिवसांत गोरेगावच्या जवळपास रहा, पण गुरुवारी वाशीतलं उरकलं की बॅग घेऊन हार्बरची सीएसएमटी लोकल पकड आणि दक्षिण मुंबईत मुक्काम हलव. संध्याकाळी लोंढा शहरातून बाहेर जात असतो, तू उलट्या दिशेने जाणार, त्यामुळे बसायला मिळायचा चान्स आहे. एकट्या बाईसाठी मादाम कामा रोडवर वायडब्ल्यूसीएचं गेस्ट हाउस आहे, साधं आहे, पण कोणी वाकड्या नजरेने बघणार नाही आणि तिथून गेटवे, म्युझियम, ओव्हल मैदान सगळं पायी. डिसेंबरात भरलेलं असतं म्हणून आत्ताच फोन करून ठेव. दुसरा पर्याय रेल्वेची रिटायरिंग रूम, कन्फर्म तिकिटावर ऑनलाइन बुक होते. मुंबई सेंट्रलला २०२१ पासून पॉड हॉटेल पण आहे, म्हणजे झोपायला डबा, त्यात बायकांसाठी वेगळी सोय असते, पण तीन रात्री डब्यात काढायच्या म्हणजे जरा जास्तच, ते एका रात्रीपुरतं ठीक. बाकी कुठलंही छोटं हॉटेल घेतलंस तर आधी फोनवर विचार, एकटी बाई आहे, आधार कार्डावर वेंगुर्ल्याचा पत्ता आहे, चालेल ना? अं-अं करायला लागले की दुसरं बघ, रात्री नऊला काउंटरवर उभं राहून वाद घालण्यात अर्थ नाही.

आता शुक्रवार. शुक्रवारी घारापुरी, म्हणजे एलिफंटा. सोमवारी लेणी बंद असतात आणि शनिवार-रविवारी गर्दीत मूर्तीपेक्षा सेल्फी काढणारी डोकीच दिसतात, म्हणून शुक्रवारच. पण त्याच्या आधी, तुला पहाटे उठायची सवय असणारच, ससून डॉकला जा. १८७५ चा धक्का आहे, पहाटे पाच-सहाला लिलाव रंगात असतो. तू म्हणशील मासळीचा लिलाव बघायला मुंबईला कशाला जायचं, आमच्या बंदरावर रोज बघते. बघच. ट्रॉलर किती, टोपल्या किती, बर्फ किती, आणि बोली लावणाऱ्या बायकांचा आवाज. ज्या बाईला दोन दिवस वाशीच्या व्यापाऱ्यांपुढे दर बोलताना घाम फुटलेला असेल तिने या बायकांचं तोंड एकदा ऐकून घ्यावं. रबरी चप्पल घाल, खाली सगळं पाणी असतं. मोबाइल पिशवीत ठेव, फोटो काढलेले तिथे चालत नाहीत. आणि कोळंबी कितीही स्वस्त वाटली तरी घेऊ नकोस बाय, ठेवणार कुठे?

तिथून खोलीवर ये, अंघोळ कर, नाश्ता कर आणि नऊच्या सुमारास गेटवेवरून बोट. जायला साधारण तास लागतो. लाइफ जॅकेट दिलं की घालून बस, आम्ही कोकणातली माणसं आम्हाला काय समुद्राचं असला तोरा नको. २०२४ च्या डिसेंबरातच एलिफंटाला चाललेल्या बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकून माणसं गेली होती. वर चढायला शंभराहून जास्त पायऱ्या आहेत, दोन्ही बाजूला दुकानं आणि माकडं, हातात खाण्याची पिशवी दिसली की गेली समज. मुख्य लेण्यात शिरल्यावर डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला दोन मिनिटं दे, मग समोरचा तीन तोंडांचा सदाशिव दिसायला लागतो, जवळजवळ वीस फूट उंच, सहाव्या शतकाच्या आसपासचा. लोक तिथे फोटो काढून परत फिरतात. तू बाजूच्या भिंतींवर जास्त वेळ घालव, अर्धनारीश्वर, गंगावतरण, आणि शिव-पार्वतीच्या लग्नाचा पट, त्यातली लाजलेली पार्वती बघच. १९८७ पासून हे जागतिक वारशात आहे, आणि तुमच्या भागातल्या किती जणांनी बघितलंय ते विचारून बघ एकदा. ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं तो हत्ती बेटावर शोधू नकोस, तो भायखळ्याला भाऊ दाजी लाड म्युझियमच्या आवारात उभा आहे. भायखळ्याला जायचं तर राणीच्या बागेसकट जा, दोन्ही एकाच आवारात, पण तेवढा वेळ तुला मिळेल असं वाटत नाही, ते पुढच्या खेपेला.

दोन-तीनपर्यंत परत येशील. जेवण कर आणि झोप. खरंच झोप. सुट्टीच्या दिवशी दुपारी कोणी चहा मागणार नाही अशी झोप तू शेवटची कधी काढलीस? संध्याकाळी मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर जाऊन बस. समुद्र बघायला नव्हे, समुद्र तुझ्या सागरेश्वरच्या किनाऱ्याला याच्या दसपट चांगला आहे आणि जुहू चौपाटीवर तर जाऊच नकोस, तुला रडू येईल. कट्ट्यावर बसायचं ते माणसं बघायला आणि कोणी आपल्याला बघत नाही याची मजा घ्यायला. गावात आपण दारातून बाहेर पाऊल टाकलं की चार घरांना कळतं, इथे तुझ्या शेजारी बसलेल्या बाईला तू कोण, कोणाची सून, काही पडलेलं नसतं. हे आधी विचित्र वाटतं, एकटीने बसलोय असं सारखं वाटत राहतं, मोबाइल काढावासा वाटतो, मग अर्ध्या तासाने वाटेनासं होतं.

शनिवारी सकाळी थोडा धंदा करून घे, कारण तुला राहवणार नाही हे मला माहीत आहे. सीएसएमटीहून दहा मिनिटांवर क्रॉफर्ड मार्केट, १८६९ ची इमारत, आता महात्मा फुले मंडई. आत ड्रायफ्रूटची दुकानं आहेत आणि पुढे मस्जिद बंदरच्या बाजूला होलसेल. गिऱ्हाईक म्हणून उभी रहा. काजूच्या प्रतींचे दर विचार, म्हणजे डब्ल्यू १८० कितीला, २४० कितीला, ३२० कितीला, पाकळी आणि तुकडा कसा, पाकीट कसलं वापरलंय, झिप आहे का, लेबलवर काय छापलंय हे बघून घे. "कोकणचा काजू" म्हणून काय काय विकतात तेही बघ आणि गप्प बस, भारतात आफ्रिकेतून किती कच्चा काजू येतो हे तुला मी सांगायला नको. गोरेगावच्या प्रदर्शनात मशीनवाल्याने तुला जे पाकीट गळ्यात मारायचा प्रयत्न केलेला असेल ते इथे खरंच खपतंय का हे या दोन तासांत कळेल. पण दोनच तास. बारा वाजले की वही बंद, नाहीतर सुट्टीचा दिवस पण वाशीचाच होऊन जाईल.

मग दादर. नाटक दुपारच्या शोचं बघ, शिवाजी मंदिरला किंवा माटुंग्याच्या यशवंतला शनिवार-रविवारी काही ना काही असतंच. दशावतार रात्रभर बघणारी माणसं आपण, आपल्याला नाटक कसं बघायचं हे कोणी शिकवायला नको, पण वेळेवर जा, इथे दोन-अडीच तासांत संपतं आणि मधे उठून भजी खायला जाता येत नाही. नाटकाआधी किंवा नंतर साबुदाणा वडा आणि पियुष. जेवायला मात्र एक अट, मालवणी थाळी नाही. वहिनी हमखास म्हणणार की इथे एक मालवणी हॉटेल आहे, एकदम घरच्यासारखं. घरच्यासारखं घरी मिळतं बाय, फुकट मिळतं. त्या दोघींना काहीतरी असं खिलव जे त्या पण एरवी खात नाहीत.

परत येताना मेट्रो घे. आरेपासून कफ परेडपर्यंतची मेट्रो-३, म्हणजे भुयारी मेट्रो, ऑक्टोबर २०२५ पासून पूर्ण चालू झालीय, दादरला बसलीस की विधान भवन स्टेशनला उतर, मादाम कामा रोड जवळच आहे. लोकलची सवय नसेल तर शनिवारी संध्याकाळी दादरच्या पुलावरची गर्दी बघून छातीत धडकी भरते, त्यापेक्षा हे बरं. लोकलने फिरायचंच असेल तर लेडीज डब्यातच चढ, सकाळी आठ ते अकरा शहराकडे येणारी आणि संध्याकाळी पाच ते नऊ शहरातून जाणारी गाडी टाळ. एक, तीन आणि पाच दिवसांचं टुरिस्ट तिकीट मिळतं, ते काढलंस तर दर वेळी रांगेत उभं राहायला नको.

रविवार मी मुद्दाम फोर्टसाठी ठेवलाय. ऑफिसं बंद, रस्ते मोकळे, मेगाब्लॉकचा तुला काही त्रास नाही कारण तू गाडीत बसणारच नाहीस. सकाळी खोली सोड, बॅग सीएसएमटीच्या क्लोकरूमला ठेव, कुलूप लागतं बॅगेला, नसेल तर ते घेत नाहीत, आणि तिकीट दाखवावं लागतं. मग धोबी तलावला क्यानीत बन मस्का आणि चहा, १९०४ पासूनचं इराणी आहे. एकटीने टेबलावर बसायला लाजू नकोस, इराण्याकडे एकटी माणसंच जास्त असतात. तिथून ओव्हल मैदानाकडे चालत जा. मैदानाच्या मधोमध उभी राहिलीस की एका बाजूला हायकोर्ट आणि राजाबाई टॉवर, दगडी, टोकदार, गेल्याच्या गेल्या शतकातले, आणि दुसऱ्या बाजूला १९३०-४० च्या सुमाराच्या गोल गॅलऱ्यांच्या बिल्डिंगा, आर्ट डेको म्हणतात ते. २०१८ मधे या दोन्हीला मिळून जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली, आणि मधे पोरं आपली क्रिकेट खेळत असतात, एकाच्या बॉलवर दुसऱ्याची फिल्डिंग. मला विचारशील तर मुंबईतली सगळ्यात भारी फुकट गोष्ट ही.

दुपार म्युझियममधे काढ. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, रविवारी चालू असतं. सगळं बघायला जाऊ नकोस, पाय मोडतील. शिल्पं बघ, लघुचित्रं बघ, मधे बागेत बस. शेजारीच जहांगीर आर्ट गॅलरी, १९५२ ची, तिकीट नाही, चित्रातलं आपल्याला काही कळत नाही असं म्हणून बाहेर उभी राहू नकोस, आत जाणाऱ्यातल्या निम्म्यांना कळत नाही. संध्याकाळी हुतात्मा चौक, तिथून हॉर्निमन सर्कल, आणि टाउन हॉलच्या त्या रुंद पायऱ्यांवर टेकायला हरकत नाही, प्री-वेडिंगवाल्यांनी जागा सोडली तर.

खरेदीचं. कोणाला काही आणायचं कबूल करून जाऊ नकोस. एकदा "मुंबईहून काय आणू?" विचारलंस की यादी हातभर होते आणि रविवार कुलाबा कॉजवेवर घासाघीस करण्यात जातो. सासूबाईंना मावा केक आण क्यानीतून, मऊ असतो, आवडेल, आणि बाई मुंबईत काय खात होती ते पण कळेल त्यांना.

फोन रोज दोनदा, सकाळी निघताना आणि रात्री खोलीवर पोचल्यावर. वेळ ठरवून दे. नाहीतर दर तासाला "खय पोचलंस?" चालू होतं आणि तू लेण्यात उभी राहून कुकरच्या शिट्ट्या किती ते सांगत बसतेस. नवरा रहा म्हणतोय ना, मग तीन दिवस स्वयंपाकाचं तो आणि जाऊ बघतील. युनिटमधे भट्टीचं काही झालं तरच मधे फोन, हेही जाऊशी ठरवून घे.

कोकणकन्या रात्री अकराच्या सुमारास सीएसएमटीहून सुटते, साडेनऊपर्यंत स्टेशनात ये, क्लोकरूमच्या रांगेला वेळ लागतो. सकाळी सावंतवाडीला उतरशील. (इतर वाचकांसाठी, तुतारी एक्स्प्रेसचं तिकीट काढताना तारीख दोनदा बघा. ती दादरहून रात्री बारानंतर सुटते, म्हणजे रविवारी रात्री जायचं तर तिकीट सोमवारच्या तारखेचं हवं. स्टेशनात आल्यावर काल गाडी गेली म्हणून कळलेली माणसं दर आठवड्याला असतात.) आणि काही कारणाने तुझं तिकीट सोमवारवर गेलं तर घारापुरी शुक्रवारचीच ठेव, सोमवारी कान्हेरीची लेणी पण बंद असतात.

आज रात्रीच वहिनीला फोन कर. शनिवारच्या नाटकाला पुढच्या रांगा आधी भरतात, आणि तिने तुझ्यासाठी सुरमई सांगून ठेवायच्या आत तिला कळलेलं बरं.

— काकू